संमेलनाला आलेल्या चाहत्यांसाठी पुण्यातील ऐच्छिक सहली : आखणी आणि व्यवस्था

एखाद्या समान आवडीने बांधलेली माणसे दोन-तीन दिवसांच्या संमेलनासाठी पुण्यात जमतात, तेव्हा त्यांतील अनेकजण नागपूर, नांदेड, बेळगाव, इंदूर अशा ठिकाणांहून रात्रभर प्रवास करून आलेले असतात. सभागृह, निवासाची खोली आणि रेल्वे स्थानक एवढेच पुणे पाहून परतावे लागले, तर त्यांच्या मनाला रुखरुख लागून राहते. शिवाय सभागृहात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाशी दोन दिवसांत जे बोलणे होत नाही, ते गाडीत शेजारी बसल्यावर दोन तासांत होते आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या ओळखी अशाच प्रवासांत जुळतात. म्हणून संमेलनाला जोडून काढलेली सहल ही जमेल तशी उरकण्याची गोष्ट नसून, तिची आखणी संमेलनाच्या कार्यक्रमाइतक्याच आस्थेने व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

पुढील विवेचनात विज्ञानकथाप्रेमींचे संमेलन डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण या रसिकांना दाखवण्यासारखे पुण्यात आणि पुण्याच्या परिसरात पुष्कळ आहे. इतर आवडींच्या मंडळांना स्थळे बदलावी लागतील, परंतु आखणीची रीत बहुतांशी तीच राहील.

सहल केव्हा ठेवावी

सहलीला न येणाऱ्या सभासदाचे संमेलनातील काहीही चुकता कामा नये, हा पहिला नियम मानावा. पाहुण्या लेखकाची मुलाखत, पुरस्कार वितरण किंवा मंडळाची सर्वसाधारण सभा यांपैकी काहीही सहलीच्या वेळेत येऊ देऊ नये, तसेच सहलीचे शुल्क संमेलनाच्या शुल्कात मिसळू नये. ज्याला गुडघ्यांच्या दुखण्यामुळे, पैशांच्या ओढाताणीमुळे किंवा केवळ इच्छा नसल्यामुळे यायचे नाही, त्याला कारण सांगावे लागू नये आणि दुसऱ्यांच्या प्रवासाचा भारही त्याच्यावर पडू नये.

आपल्याकडील संमेलने बहुधा शनिवार-रविवारी भरतात. संशोधन संस्था त्याच दोन दिवशी बंद असतात, त्यामुळे संस्थांची भेट शुक्रवारी, म्हणजे संमेलनाच्या आदल्या दिवशी, ठेवणे सर्वांत सोयीचे पडते. लांबून येणारे पुष्कळजण तसेही एक दिवस आधी पोहोचतात. शनिवार-रविवारच्या भल्या सकाळी, पहिले सत्र सुरू होण्यापूर्वी, पेठांमधील पायी फेरी करता येते. दिवसभराची दुसरी सहल हवी असल्यास ती सोमवारी ठेवावी. रविवारी दुपारी समारोपानंतर घाईघाईने सहल काढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या वेळी प्रत्येकाचे लक्ष परतीच्या गाडीकडे आणि सामानाकडे लागलेले असते.

चाहत्यांबरोबर त्यांचे पती, पत्नी, आईवडील किंवा मुले येतात, ज्यांना विज्ञानकथेत विशेष रस नसतो. त्यांचा विचार बहुतेक संयोजक करीत नाहीत आणि ही मंडळी दोन दिवस सभागृहाबाहेरच्या खुर्च्यांवर कंटाळून बसतात. त्यांच्यासाठी सत्रांच्या वेळेत तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता आणि एखादे संग्रहालय अशी अर्ध्या दिवसाची वेगळी फेरी ठेवल्यास संमेलनाला आलेला माणूसही निश्चिंत मनाने व्याख्यान ऐकू शकतो. सत्राला समांतर ठेवावी अशी ही एकच सहल आहे.

कोठे न्यावे

एका दिवसात दहा-बारा ठिकाणे दाखवणारी फेरी कोणतीही प्रवासी कंपनी काढते. आपल्या सहलीत अशा फेरीत न मिळणारे काहीतरी असले पाहिजे, आणि ते ठिकाणांची संख्या वाढवून येत नाही. अर्ध्या दिवसाला एक आणि पूर्ण दिवसाला फार तर दोन ठिकाणे पुरेशी होतात.

विज्ञानकथाप्रेमींसाठी सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, जिला सर्वजण जीएमआरटी म्हणून ओळखतात. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने ती सुमारे ८० किलोमीटरवर आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकी १४ अँटेना मध्यभागी जवळजवळ आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे तिचे काम आहे आणि प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. शेतांच्या मधोमध उभी असलेली ती तबकडी जवळून पाहिली की ती भरीव नाही, हे लक्षात येते. पोलादी दोरखंडांवर ताणून बसवलेल्या बारीक तारांच्या जाळीतून पलीकडचे आकाश दिसत राहते. दुर्बीण टिपते त्या रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठी असल्याने लहरी जाळीवरून परावर्तित होतात, वारा मात्र आरपार निघून जातो आणि त्यामुळे एवढी मोठी रचना हलकी व कमी खर्चाची करता आली. हे स्पष्टीकरण गाडीतच देऊन ठेवावे, म्हणजे तेथे पोहोचल्यावर प्रत्येकाची नजर आपोआप जाळीकडे जाते.

या ठिकाणाची एक अडचण व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. भ्रमणध्वनीच्या लहरींमुळे निरीक्षणात व्यत्यय येतो, म्हणून आवारात फोन बंद ठेवावे लागतात. त्यामुळे मागे राहिलेल्या माणसाला फोन करता येत नाही, व्हॉट्सॲपच्या गटावर सूचना टाकता येत नाही आणि फोनमध्ये साठवलेली नावांची यादीही उपयोगी पडत नाही. सहलप्रमुखाने नावे, गाडीचा क्रमांक, एकत्र येण्याची जागा आणि निघण्याची वेळ छापलेला कागद जवळ ठेवावा आणि गाडीतून उतरण्यापूर्वीच वेळ व जागा दोनदा मोठ्याने सांगावी. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांना फोन किती वेळ बंद राहील याची कल्पना आदल्या दिवशीच द्यावी. छायाचित्रे काढता येतील असे गृहीत धरून कोणी येऊ नये, हेही जाहिरातीत स्पष्ट लिहावे.

खोडदला जायचे ठरले की कोणीतरी हमखास सुचवतो की एवढ्या लांब जातोच आहोत, तर शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझरही करून येऊ. या सूचनेला नम्रपणे नकार द्यावा. शिवनेरीच्या सात दरवाजांतून वर जाऊन गड नीट पाहण्यास अर्धा दिवस लागतो, लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत आणि ही दोन्ही ठिकाणे घाईने उरकण्याजोगी नाहीत. त्यांच्यासाठी सोमवारची स्वतंत्र सहल ठेवावी. शुक्रवारी नारायणगावात पिठले-भाकरीचे निवांत जेवण घ्यावे. तमाशाच्या फडांचे हे गाव असल्याने, गावाची माहिती असलेला एखादा सभासद सोबत असेल, तर जेवणानंतरच्या गप्पाही रंगतात.

लांबचा प्रवास नको असणाऱ्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, हे उत्तम ठिकाण आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर हे मराठी विज्ञानकथेतील अग्रगण्य नाव असल्याने येथे येताना चाहत्यांच्या मनात वेगळीच आपुलकी असते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या या संकुलात फूकोचा लंबक आहे, तसेच आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. लंबकापाशी गटाला नुसते उभे करून पुढे नेऊ नये. दहा-पंधरा मिनिटे थांबून त्याच्या आंदोलनाची दिशा हळूहळू सरकताना पाहू द्यावी, कारण आपल्या पायांखालची पृथ्वी फिरते आहे याचा पुरावा एवढ्या शांतपणे क्वचितच कोठे पाहायला मिळतो. मुलांना घेऊन आलेल्यांनी तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्राबद्दल परवानगीच्या पत्रातच विचारून ठेवावे.

पेठांमधील फेरीसाठी मोठी गाडी ठरवूच नये. अरुंद रस्ते, एकेरी वाहतूक आणि गाडी उभी करण्याची अडचण यांत वेळ आणि पैसा दोन्ही जातात. सर्वांनी मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर सकाळी सातला जमावे, तेथून लाल महाल, शनिवारवाडा, कसबा गणपती आणि तांबट आळी या क्रमाने चालत जाऊन मंडई स्थानकावर फेरी संपवावी. १७३२ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याचा आतील भाग १८२८ च्या आगीत जळून गेला, हे आधी सांगितले नाही तर आत जाणाऱ्यांची निराशा होते. ते सांगितले, तर उरलेल्या जोत्यांवरून महालांची कल्पना करण्यात लोक रमतात. तांबट आळीत मात्र काही समजावून सांगावे लागत नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके एकाशेजारी एक पडत जातात, पत्रा फिरवणारा हात आणि ठोका देणारा हात यांचा मेळ क्षणभरही चुकत नाही आणि मठारकामाची ती चकाकती नक्षी डोळ्यांदेखत उमटते. कारागिरांचा तो कामाचा वेळ असतो, त्यामुळे एका वेळी पाच-सहा जणांनीच दारात उभे राहावे, विचारून छायाचित्र घ्यावे आणि शक्य झाल्यास एखादी वस्तू विकत घ्यावी. संपूर्ण फेरीसाठी वीसपेक्षा मोठा गट नसावा. अधिक नावे आल्यास दुसरा गट करून तो अर्ध्या तासाच्या अंतराने सोडावा.

कुटुंबीयांच्या फेरीत बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य घ्यावे. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तूंची तेथील मांडणी पाहताना आजीपासून नातवापर्यंत सर्वांना बोलायला विषय मिळतो.

जुन्या चित्रपटांच्या रसिकांना प्रभात फिल्म कंपनीच्या १९३३ पासूनच्या आवारात नेता येईल, जेथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. रेल्वेप्रेमींसाठी कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. लेण्यांच्या अभ्यासकांना कार्ले आणि भाजे येथे सोमवारचा पूर्ण दिवस सहज पुरतो.

परवानगी

संस्थेची लेखी परवानगी हाती येण्यापूर्वी सहलीची घोषणा करू नये. विनंतीपत्र किमान दोन महिने आधी पाठवावे आणि त्यात मंडळाची दोन ओळींत ओळख, भेटीचा दिनांक, अपेक्षित संख्या, सोबत मुले असल्यास त्यांची वये, माहिती मराठीत हवी की हिंदीत आणि जबाबदार व्यक्तीचे नाव द्यावे. गटात परदेशी नागरिक असतील तर ते पत्रातच नमूद करावे. संस्था तीसची मर्यादा घालून देत असेल, तर एकतिसाव्या माणसासाठी प्रवेशद्वारावर रदबदली करू नये. मंडळाचा शब्द टिकला, तरच पुढच्या वर्षी पुन्हा दार उघडते.

विज्ञानकथेतील पात्रांच्या वेशभूषा करून येणारे तरुण चाहते संमेलनाची शोभा वाढवतात, परंतु संशोधन संस्थेत किंवा देवस्थानात तसा वेश चालेल का, हे आधी विचारून त्यांना स्पष्ट कळवावे. ऐन वेळी दारात अडवले गेल्यास त्यांचा जो हिरमोड होतो, तो एका पत्राने टळू शकतो.

गाडी आणि पैसे

गाडी ठरवताना पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने देण्याचा परवाना असलेलीच गाडी घ्यावी. ओळखीतल्या कोणाची खासगी गाडी स्वस्तात मिळत असली, तरी अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. दर प्रति किलोमीटर किती, किमान किती किलोमीटरचे पैसे लागतील, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता त्यात धरला आहे का, वातानुकूलनाचे वेगळे पैसे आहेत का, हे सर्व लेखी घ्यावे. पंधरा-सोळा जणांसाठी सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर सोयीची पडते, आणि तीसच्या आसपास लोक असल्यास एक मोठी बस घेण्यापेक्षा अशा दोन गाड्या घेतलेल्या बऱ्या, कारण संख्या घटली तर एक गाडी रद्द करता येते.

शुल्क ठरवताना सर्व आसने भरतील असे धरून भागाकार करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. समजा, भाडे, टोल, पार्किंग आणि भत्ता मिळून १२,००० रुपये होतात आणि दोन कार्यकर्त्यांच्या जेवणाचे ५०० रुपये धरून एकूण १२,५०० रुपये खर्च आहे. सतरापैकी दोन आसने कार्यकर्त्यांची गेली, तर पैसे भरणारे पंधरा उरतात. परंतु भागाकार अकराने करावा, म्हणजे प्रत्येकी सुमारे १,१५० रुपये येतात आणि जेवणाचे पैसे त्यावर वेगळे. अकरा नावे आली की सहल निघते आणि मंडळाला झळ बसत नाही. पंधराही आले, तर प्रत्येकाला ३०० रुपये परत देता येतात. अकरापेक्षा कमी नावे आल्यास सहल रद्द होईल, ते कोणत्या तारखेला ठरेल आणि त्या परिस्थितीत पूर्ण पैसे परत मिळतील, हे नावनोंदणीच्या अर्जातच छापावे. एखाद्याने स्वतःहून नाव मागे घेतल्यास प्रतीक्षायादीतील माणूस मिळेपर्यंत परताव्याचे आश्वासन देऊ नये. या नियमात ओळखीच्या माणसांसाठी अपवाद केला की वर्षभर त्याचे पडसाद उमटत राहतात.

अर्जामध्ये जेवणाची माहिती नीट विचारावी. केवळ शाकाहारी किंवा मांसाहारी एवढे विचारून भागत नाही. त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी असेल तर उपवास करणारे किती, जैन पद्धतीचे जेवण कोणाला हवे, शेंगदाण्याची किंवा अन्य कशाची ॲलर्जी कोणाला आहे, हे आधी कळले तर खानावळीला तसे सांगता येते. त्याच अर्जावर तातडीच्या वेळी कळवायच्या नातेवाइकाचा क्रमांक घ्यावा आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी.

सहलीच्या जाहिरातीत किती चालावे लागेल, पायऱ्या किती आहेत, सावली आणि स्वच्छतागृह कोठे मिळेल, हे ठिकाणांच्या वर्णनाइतक्याच ठळकपणे लिहावे. ही माहिती वाचूनच ज्येष्ठ सभासद निर्णय घेतात. ती खरी मिळावी यासाठी सहलप्रमुखाने महिनाभर आधी त्याच वारी, त्याच वेळेला तो मार्ग प्रत्यक्ष करून पाहावा.

दिनदर्शिका आणि पाऊस

तारीख पक्की करण्यापूर्वी पंचांग पाहावे. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असताना आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत पेठांमधील रस्ते वाहनांसाठी बंद होतात, तर नवरात्रात आणि चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनासाठी मोठी गर्दी असते. पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटात दरड कोसळण्याचा धोका असतो, तसेच धबधबे, धरणे आणि गडांवर जाण्यास जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाई करते. जून ते सप्टेंबर या काळात संमेलन असेल, तर गडाच्या सहलीला पर्याय म्हणून छताखालचे एक ठिकाण आधीच ठरवून अर्जात नमूद करावे. मनाईचा आदेश असताना आडवाटेने गट नेणे हा जिवाशी खेळ आहे आणि त्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

सहलीच्या दिवशी

नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकांत वाहतूक तासन् तास अडकू शकते, म्हणून खोडदची गाडी सकाळी साडेसहाला निघालीच पाहिजे. निघण्याची वेळ जाहीर करताना पंधरा मिनिटे आधीची उपस्थितीची वेळही सांगावी आणि ठरलेल्या वेळी न आलेल्या माणसासाठी किती थांबणार, तेही लिहून ठेवावे. परतीच्या वेळेला किमान दीड तासाची जादा मोकळीक धरावी. त्याच रात्री रेल्वे पकडायची आहे, अशा माणसाचे नाव संध्याकाळी परतणाऱ्या लांबच्या सहलीत घेऊ नये.

प्रत्येक गटाबरोबर दोन कार्यकर्ते असावेत. एकाने पुढे चालावे, दुसऱ्याने सर्वांत मागे राहावे आणि मागच्याने आपल्या मागे कोणालाही राहू देऊ नये. प्रत्येक थांब्यानंतर नुसती डोकी मोजण्यापेक्षा नावे घेऊन हजेरी घ्यावी, कारण मोजण्यात चूक होते आणि कोण राहिले ते कळत नाही. प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी, उलटीसाठी पिशव्या आणि १०८ व ११२ हे क्रमांक छापलेले कार्ड प्रत्येक गाडीत असावे. एकट्याने आलेल्या महिलांना शेजारच्या आसनाबद्दल आधी विचारावे, आणि परतीला उशीर झाल्यास त्या निवासस्थानी पोहोचल्याचा निरोप आल्याशिवाय सहलप्रमुखाने काम संपले असे मानू नये.

पाहुणे लेखक सहलीला येणार असतील, तर चाहत्यांचा उत्साह स्वाभाविकपणे वाढतो, पण त्या माणसाला चार तास सतत प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली तर तो थकून जातो. त्यांचे शेजारचे आसन आळीपाळीने बदलावे, हा बदल चहाच्या थांब्यावर करावा आणि जेवणानंतरचा तासभर त्यांना कोणीही काही विचारू नये, असे सर्वांना आधीच सांगावे. स्वाक्षऱ्या आणि छायाचित्रे यांसाठी शेवटची दहा मिनिटे राखून ठेवली, तर दिवसभर कोणी वही पुढे करीत नाही. संकोची स्वभावाचे, पहिल्यांदाच संमेलनाला आलेले चाहते मागच्या आसनांवर गप्प बसून राहतात, म्हणून लेखकाशेजारी बसण्याची पहिली संधी आवर्जून त्यांना द्यावी.

सहलीनंतर

हिशेब आठ दिवसांत पूर्ण करून पावत्यांसह सहलीला आलेल्या प्रत्येकाला पाठवावा आणि उरलेली रक्कम ज्याची त्याला परत करावी. ती मंडळाच्या निधीत वळवायची असल्यास प्रत्येकाची स्वतंत्र संमती घ्यावी. संस्थेला आभाराचे पत्र पाठवताना ज्यांनी प्रत्यक्ष वेळ देऊन माहिती सांगितली, त्यांच्या नावाचा उल्लेख करावा, म्हणजे वरिष्ठांपर्यंत ते नाव पोहोचते. गाडीच्या चालकाचे वर्तन, खानावळीचे जेवण, कोणत्या टप्प्यावर किती वेळ अधिक लागला आणि कोणत्या ठिकाणी पायऱ्यांचा त्रास झाला, याच्या नोंदी परवानगीच्या पत्रांच्या प्रतींसह एका फायलीत लावून पुढच्या संयोजकाच्या स्वाधीन कराव्यात.